पाठीवरचं नाव

चिमणे, बाळा,

किट चढवलं की सगळ्या नर्स सारख्याच दिसतात, म्हणून मी एकेकीच्या पाठीवर मार्करने नाव लिहिते. आज शेवटची मुलगी नाव न सांगता पाठ करून उभी राहिली आणि माझ्या हाताने सवयीने 'चिमणी' लिहिलं. तू जाऊन महिना झाला, हे ती कोरोना वॉर्डात शिरल्यावर आठवलं.

पाळी संपली तरी ती बाहेर आलीच नाही. मी शोधायला आत गेले. कालच दाखल झालेले आजोबा म्हणाले, "मावशी, तुमची चिमणी हातमोजा काढून माझा हात धरून बसली होती. रागवा तिला."

त्याच खोडीने तुला लागण झाली होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी मेल्यावरही गेली नाही.

उद्या आलीस तर रागावणार नाही. फक्त पाठ करून उभी राहू नकोस. नाव मी समोरून लिहीन.

वॉर्डात सगळ्यांची मावशी,
तुझी सख्खी