माशाला वळण

नास, आयर्लंड
२८ नोव्हेंबर २०२०

तीर्थस्वरूप आईंना,

रोहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही इथे सुखरूप आहोत. तुमचं क्षेम रोज फोनवर कळतं, तरी पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारते: बाबांचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? इथे पुन्हा सगळं बंद आहे. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही आणि साडेचारला अंधार पडतो. रोज बोलत असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन सारंगच्या शेजारी बसून करावा लागतो, म्हणून पत्र.

दसऱ्याला व्हिडिओवर जे दिसलं त्याचा खुलासा आधी करते. नैवेद्य वाढायला सारंगने श्रीखंडाचा डबा उघडला, किंचाळला आणि फोन पडला. नंतर नेट गेलं असं त्याने तुम्हाला सांगितलं. नेट गेलं नव्हतं. डब्यात गांडुळं होती. श्रीखंडाचा रिकामा डबा टाकायचा नाही हे तुमच्याकडूनच शिकले. त्याच्या झाकणाला भोकं पाडून, आत ओली माती घालून मी तो फ्रिजमध्ये ठेवला होता. खरं श्रीखंड त्याच्या मागे होतं. (देवापर्यंत एकही गांडूळ पोचलं नाही, तेव्हा गुरुजींना विचारत बसू नका.)

गांडुळं माशासाठी. सारंगच्या ऑफिसातला एक अमेरिकन मार्चमध्ये दोन आठवड्यांसाठी म्हणून घरी गेला आणि त्याचा लार्जमाउथ बास हा पाळलेला मासा आमच्या गळ्यात घालून गेला. तो काही परत येत नाही. आला तेव्हा मासा बोटाएवढा होता, आता वीतभर झाला आहे आणि सोफ्याच्या जागी त्याची टाकी आहे. सारंगने तीन व्हिडिओ पाहिले आणि तो मत्स्यतज्ज्ञ झाला. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेही मासे हा विषय घेऊन, आणि लग्नानंतरही पुण्याच्या कॉलेजात मुलांना शिकवत होते, हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं. मासा कल्ल्यांनी श्वास कसा घेतो ते त्याने मला पाकिटामागे चित्र काढून समजावलं. मी ऐकून घेतलं. (तुम्हीच म्हणता, बाईने दोन गोष्टी ऐकून घ्याव्यात.) मग मासा एकटा पडला असेल म्हणून त्याला सोबतीला सहा गोल्डफिश आणले. मी म्हटलं, अरे, याच्या तोंडात मावेल ते याचं जेवण. त्यावर, तू फार निगेटिव्ह बोलतेस. संध्याकाळपर्यंत सहाही त्याच्या पोटात गेले होते, आणि सारंग दोन दिवस ते दगडांखाली शोधत होता. मला इथे येऊन चार वर्षं झाली. मी एकटी पडले असेन असं कुणाला सुचलं नाही. ओघात आलं म्हणून लिहिलं.

मासा आणला त्याने, आणि थंडीत वाफ्यात गांडुळं उकरायचे मी. शेजारचे ब्रेंडन निवृत्त आहेत, त्यांना गळ टाकायचा नाद. ते कुंपणावरून मला गांडुळं द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, तू तिकडे घरी असताना काय करायचीस? मी सांगत गेले आणि ते फावड्यावर रेलून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, ‘सो युअर मॅन इज ओन्ली द ओनर.’ (म्हणजे सारंग माशाचा नुसता मालक. इथे कुणाही पुरुषाला युअर मॅन म्हणतात, त्यात आपली मालकी नसते.) चार वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला, आणि तोही गांडुळं देताना. घरात येऊन मी थोडी रडले.

पुढे जमीन गारठली, गांडुळं मिळेनात, तेव्हा माशाला गोळ्यांच्या खाद्यावर आणायचं ठरवलं. हे काम सोपं नाही. हा मासा हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतो, पडून राहिलेल्या अन्नाकडे बघतसुद्धा नाही. आधी त्याला चार दिवस उपाशी ठेवायचं. मग अर्धं गांडूळ आणि अर्धी गोळी, हलत खाली जाईल अशी सोडायची. हळूहळू गांडूळ कमी करायचं आणि मुख्य म्हणजे दया दाखवायची नाही. सारंग मात्र माझी पाठ वळली की चोरून गांडूळ टाकायचा. बिचारा उपाशी आहे, त्याला असलं चालत नाही, असं म्हणायचा. तो स्वर मी ओळखला. सकाळची भाजी सारंगच्या पानात संध्याकाळी वाढली की तुमचा लागायचा तोच. त्यामुळे दोन आठवड्यांचं काम महिनाभर चाललं. आता मासा माझ्या बोटांतून गोळ्या घेतो.

बाबांना नमस्कार. तब्येतीला जपा. पथ्य मोडू नका, मोडलंत तर मला कळवू नका.

तुमची सून,
रोहिणी

ता. क. गोडा मसाला संपत आला आहे. कुरिअरने पाठवाल का?

ता. क. २. मसाल्याबरोबर माझी निळी फाइल पाठवा. तुमच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात आहे. मी निघताना, ‘तिकडे काय करायचीत ही सर्टिफिकिटं, हरवतील,’ म्हणून तुम्ही ती ठेवून घेतलीत. इथून लांब, मलिंगार गावाच्या पलीकडे माशांची पिल्लं वाढवतात त्या केंद्रात मला नोकरी लागली आहे. जागा ब्रेंडननी सुचवली, मुलाखत व्हिडिओवर झाली. जानेवारीत हजर व्हायचं, पण त्याआधी मूळ कागद दाखवले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल. सोमवार ते शुक्रवार मी तिकडेच राहणार. फाइल हातात आली की सारंगला मी स्वतः सांगेन. तोवर त्याने विचारलं तर पार्सलात मसाला आहे म्हणा, खोटं होणार नाही. आई, एवढं कराच.

ता. क. ३. त्याच्या जेवणाचं कोण बघणार, हा तुमचा पहिला प्रश्न असेल. दसऱ्यापासून मी त्याचंही सुरू केलं आहे. आधी जरा भूक लागू द्यायची, मग ताज्या भाजीत कालची मिसळायची, मग नुसती कालची. परवाची आमटी त्याने काल स्वतः गरम करून खाल्ली आणि वाटी धुऊन ठेवली. तो माशापेक्षा लवकर शिकला. त्याला चोरून गांडूळ टाकणारं इथे कुणी नाही.