१०७ नंबरचा बंदोबस्त

७ मे, दुपारी ४
रिसॉर्टवर पोचलो. सभासदांना वर्षातला एक आठवडा हक्काचा, खोली १०६. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि बोलणं म्हणजे गॅस बंद केलास का, एवढंच. ही म्हणाली, या वेळी तरी माझ्याशी बोला हो, लोकांच्या चुका काढत बसू नका. शब्द दिला. बत्तीस वर्षं शाळेत पर्यवेक्षक होतो. मनावर ताबा म्हणजे माझ्या हातचा मळ.

८ मे, सकाळी ९
शेजारी १०७ मध्ये एक कुटुंब आलंय. दाढीवाला, बायको, म्हातारी आई, तीन कार्टी. कठड्यावर ओल्या चड्ड्या. पूलमध्ये उतरलो तर पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात केसांचं गुंतवळ आणि जखमेवरची वापरलेली चिकटपट्टी. ओठाला लागली. शी! चार वेळा चूळ भरली. भांडलो नाही. दाढीवाल्याला पूलचे नियम नुसते वाचून दाखवले. तो हो काका, हो काका म्हणाला आणि त्याने पाण्यातच नाक शिंकरलं.
संध्याकाळी हिच्याबरोबर फिरायला नक्की.

संध्याकाळी ७
फिरणं राहिलं. रिसेप्शनवर तक्रारवही आहे. मुद्देसूद लिहायला वेळ लागतो.

९ मे
नाश्त्याच्या टेबलावर दाढीवाल्याने पायाची नखं कापली. एक उडून बटरमध्ये पडलं. या डोळ्यांनी पाहिलं. म्हातारी कान कोरते आणि काडी फुलदाणीत खोचते. हिला दाखवलं तर म्हणते, तुम्ही तिकडे बघताच कशाला? किळस येते म्हणूनच बघावं लागतं, हे हिला कोण समजावणार! ही उठून त्यांच्याकडे मीठ मागायला गेली. अर्धा तास मीठ मागत होती.
उद्यापासून संपूर्ण दुर्लक्ष.

१० मे, सकाळी ११
दुर्लक्ष करणारच होतो. पण कार्टी बाल्कनीतून अंड्यांची टरफलं खाली टाकत होती. एक खाली पूलपाशी बसलेल्या माझ्या डोक्यावर. नशीब, शाळेतली शिट्टी सामानात होती. वाजवली. पूलवरची सगळी पोरं रांगेत उभी राहिली, दाढीवालासुद्धा. म्हणाला, सर, आता कवायत का? सगळे हसले. आदराने हसले. हिने मात्र मान खाली घातली. ऊन लागलं असावं.

११ मे
मॅनेजर स्वतः भेटायला आला. म्हणाला, चार दिवसांत एकोणीस तक्रारी, सगळ्या तुमच्याच अक्षरात. मी म्हटलं, मग काढा त्यांना बाहेर. तो म्हणाला, मागच्या इमारतीत शांत विभाग आहे, पण नियम क्रमांक अकराप्रमाणे ज्याची तक्रार, त्याचीच खोली बदलते. आता नियमच आहे म्हटल्यावर मी काय बोलणार? सही केली. हिला उद्या सांगेन. खूश होईल.

१२ मे
सामान आवर म्हटलं. ही म्हणाली, मला विचारलंत? म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. म्हणाली, माझ्यासाठी काय करायचं ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही व्हा पुढे. आणि म्हातारीबरोबर पत्ते खेळायला गेली.
मी बॅग उचलून एकटाच मागच्या इमारतीत आलो. येईल संध्याकाळपर्यंत. एकटी किती वेळ राहणार?

१३ मे, सकाळी १०
आली नाही.
इथे सगळं नियमाप्रमाणे आहे. टॉवेल घडीत, जमिनीवर केस नाही, शब्द बोलायला माणूस नाही. समोर आमची जुनी बाल्कनी दिसते. तिथे १०७ ची अख्खी वरात जमलीय, आणि मधे ही, गाउनवर, पाय कठड्यावर टाकून. आताच एक टरफल हिने खाली टाकलं. हिने! हसण्याचा आवाज इथपर्यंत येतोय. हिचाच आहे हे ओळखायला वेळ लागला.
या विभागात आवाज येणं नियमबाह्य आहे. वही मागवली. तारीख घातली, वेळ घातली. पुढचा रकाना, त्रास देणाऱ्याचा खोली क्रमांक. एकशे सहा लिहिलं. मग खोडलं.