आषाढात ये म्हणतो

बा, तुझा धाकटा मला आफ्रिकेत बोलावतोय, आणि बोलावणारा खरंच तुझा धाकटा आहे की त्याच्या नावावर दुसराच कोणी, हे मला पाच महिने ठरवता येत नव्हतं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा आधी हे सांगायला हवं की चार वर्षांपूर्वी तो तिकडच्या आगगाडीच्या कामावर गेला, तीन वर्षांच्या करारावर. करार संपला, बरोबरचे बरेचसे परतले, हा आला नाही. रूळ टाकणाऱ्या माणसांना तिकडे सिंह तंबूतून ओढून नेतात, असं कल्याणच्या मालधक्क्यावर जो तो सांगायचा. मी तिथे कारकून आहे, त्यामुळे जगातली प्रत्येक अफवा माझ्या टेबलावर आधी उतरते. मी मनातल्या मनात त्याच्या नावाने पाणी सोडायची तयारी केली होती. आणि दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं.

अक्षर त्याचं असणं शक्यच नव्हतं. त्याला कुठे लिहिता येतं? कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. नैरोबी नावाचं गाव आहे म्हणे. काल-परवापर्यंत नुसतं माळरान होतं, आगगाडीने वसवलं, पण तुझा लेक त्याला शहर म्हणतो. तिथे स्टेशनात त्याला नोकरी मिळाली आहे. फलाटावर उभं राहिलं की पट्ट्यापट्ट्यांच्या गाढवांचे कळप चरताना दिसतात, माडाएवढ्या मानेची जनावरं दिसतात. 'दादूस, एकदा येऊन बघून जा. आषाढात ये. तेव्हा इथे कोरडं असतं, गवत वाळतं, सगळी जनावरं पाण्यावर येतात.' हे वाचलं आणि माझी खात्रीच पटली की लिहिणारा लबाड आहे. आषाढात कोरडं? मिठागरात वाढलेला पोर असं लिहील? आषाढात आपली आगरं पाण्याखाली असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय आपल्याकडचा कोणी खाडीबाहेर होडी काढत नाही, आणि हा मला त्याच्या आधी समुद्र ओलांडायला सांगतो! मला बुडवायचंय की लुबाडायचंय, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

हा संशयी स्वभाव तुझाच, बा. चैत्रातली संध्याकाळ आहे, बाळकुमच्या आगरात वाफ्यांवर मिठाची साय धरलीय, आभाळात ढगाचा ठिपकाही नाही आणि तू मला जेवणावरून उठवतोस. "आभालाचा भरवसा नय. उठ, जाऊन बग." मी बांधावर जातो, बघतो, परत येतो, सांगतो की काही नाही. तू माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवतोस का? हात धुतोस आणि स्वतः जाऊन येतोस. खारं पाणी बोटाने जिभेवर घेऊन मीठ उद्या धरेल की परवा, हे तू सांगायचास, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखायचास. मी आता तसाच झालोय. बायको भाजीत मीठ घातलं म्हणाली तरी मी आधी चाखतो. ती चिडते.

मी त्या पत्राला उत्तर पाठवलं, त्यात फक्त एक प्रश्न. उघाडीची फळी त्या दिवशी कोणी उचलली? बायकोने हे ऐकलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. "भावाला कोनी असं पारखतं का? तो तुमचा भाव हाय का चोर?" मी म्हटलं, तेच तर बघायचंय. आपल्या तिघांशिवाय ही गोष्ट जाणणारं कोणी नव्हतं. तुला आठवत असेल. फाल्गुन होता, सहा वाफ्यांत मीठ पिकून तयार. उघाडीची, खाडीचं पाणी आगरात घ्यायच्या दाराची फळी कोणीतरी चिंबोऱ्या धरायला उचलली आणि तशीच ठेवली. पौर्णिमेची भरती आली. तू धावत आलास तोवर सहाच्या सहा वाफे विरघळले होते. मी अकरा वर्षांचा, धाकटा आठचा. तू विचारलंस आणि मी धाकट्याकडे बघितलं. बोललो काहीच नाही, नुसतं बघितलं. तू सुंभाचा दोर उचललास. तो रडला नाही, पायाने चिखल उकरत उभा राहिला. त्याच पावसाळ्यात तू ठरवलंस की ज्याच्यावर फळी सोपवता येत नाही त्याने तुझ्या डोळ्यांसमोर आगरात राबावं, आणि थोरल्याला ठाण्याच्या शाळेत घालावं. मला पाटी मिळाली, त्याला फावडं.

शिमग्याच्या आधी उत्तर आलं. 'फळी तू उचललीस. मी बाला सांगितलं नाही.' पुढे पुन्हा तेच, आषाढात ये, कधी निघतोस ते कळव.

मी बायकोला म्हटलं, "बघ, उत्तर चुकलं. हा तो नव्हेच." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मंग खरं काय हाय?" मी अंगणात गेलो आणि उगाच गाईचं दावं सोडून पुन्हा बांधलं.

तरी मन स्वस्थ बसेना. खडवलीला एक गवंडी परत आलाय, तिकडे रुळाच्या कामात पाय अधू झालेला. गेल्या रविवारी त्याला गाठला. त्याने घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि पाणी पुढे ठेवलं आणि मी फौजदारासारखा विचारत सुटलो. तो हसायला लागला. "अवो, तिकडं समदं उलटं हाय. पाऊस पडतो चैत-वैशाखात. आषाढात टिपूस नाही, वर थंडी वाजती. आन आगबोटीला नारळी पुनव कशाला पायजे?" मी म्हटलं, माझ्या भावाला ओळखत होता का? "कोन, तो आगरी? त्यो काय बोलायचा न्हाई फारसा. शिधा आला की मिठाचा खडा पयला जिभंवर ठेवायचा, आन तोंड वाकडं करून म्हनायचा, आमच्या बाचं मीठ न्हाई ह्ये." मला तिथे बसवेना. गुळाचा खडा हातातच विरघळला आणि मी तसाच चिकट हात घेऊन स्टेशनपर्यंत चालत आलो.

तेव्हा बा, तो जिवंत आहे. आषाढाचं खरं आहे, नैरोबीचं खरं आहे, जनावरांचंही खरं असणार. इतकी वर्षं मी सगळ्यांवर संशय घेतला, कारण मला घरातल्या घरात ठाऊक होतं की भला दिसणारा माणूस कसा खोटा निघतो. उत्तर चुकलं नव्हतं. फळी मीच उचलली होती. मला त्याचं पत्र खोटं ठरायला हवं होतं. मेलेल्या भावासाठी मी रडलो असतो, अगदी मनापासून रडलो असतो, पण जिवंत भावासमोर काय तोंड घेऊन उभा राहू?

साहेबाने तीन महिन्यांची रजा दिलीय. ज्येष्ठाच्या शेवटी मुंबईहून आगबोट आहे. प्लेगामुळे बंदरावर डॉक्टर तपासतो, काखा-जांघा चाचपतो, तेवढं सोसायचं. बायको सुकट आणि बोंबील बांधून देतेय, मी पुन्हा पुन्हा सोडून बघतो आणि बोलणी खातो. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. कदाचित म्हणूनच एवढं लिहू शकलो. धाकट्याला मात्र मी काल पत्र टाकलं. आषाढात येतो, एवढं लिहिलं. फळीचं लिहिलं नाही.