मास्तरांचा न फुटणारा आकडा

राजारामपुरी, कोल्हापूर

बादशहाभाऊजींना बायडाबाईचा नमस्कार. तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली असंल, म्हणून आता लिहितेय. आधी लिहिलं असतं तर रुबीनाताईंना वाचून दाखवावं लागलं असतं, आणि त्या अर्ध्यातच रडल्या असत्या. त्यांचे गुडघे काय म्हणत्यात? आमच्याकडं सगळं ठीक हाय. (ठीक कुठलं, मास्तर गेले. पण पत्रात असंच लिहायचं असतंय.)

ऑपरेशनमुळं तुम्हाला तेराव्याला येता आलं न्हाय ते बरंच झालं, फ्लेक्स बघून दुसराबी डोळा गेला असता. मास्तरांनी बजावलं होतं, चौकात माझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावणारच असाल तर आधारवड, दीपस्तंभ असलं काय लिहू नका, फोटोखाली नुसता माझा आकडा घाला. तुम्हाला तो पाठच हाय: एकापासनं दहापर्यंत चढायचं आणि तसंच एकावर उतरायचं, १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मूळ संख्या. एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात न्हाय. कॉम्प्युटर तसं सांगतोय, पण मास्तरांचा कॉम्प्युटरवर विश्वास न्हवता. (माझ्या मिठाच्या अंदाजावरबी न्हवता.) रिटायर झाल्यापासनं रोज चहानंतर पाटी घेऊन एकेका मूळ संख्येनं भागत बसायचे आणि बाकी उरली की खूश. मी म्हणायची, अहो, लोक भाग गेला की खूश हुत्यात! तर म्हणायचे, अजून फुटला न्हाय बघ, अर्धा कप टाक.

तर आमच्या फ्लेक्सवाल्या विश्वजितला मधला दहा खुपला. चढउतार सारखा दिसंना, म्हणून त्यानं दहा काढूनच टाकला! वर मलाच म्हणतोय, "काकू, आता कसं झ्याक दिसतंय की!" मी चौकात उभी राहून अंकांची बेरीज केली. नव्वद! म्हणजे तीननं भाग जातोय, नऊनंबी जातोय. अरं मुडद्या, म्हणून अशी ओरडले की पावणं पाणी घेऊन धावले. मास्तर गेल्यापासनं डोळ्याला पाणी न्हवतं भाऊजी, ते तिथं आलं. आकड्यासाठी रडले का माणसासाठी, माझं मलाच कळलं न्हाय.

विश्वजितनं बिचाऱ्यानं दुसरा फ्लेक्स करून दिला. पहिला परसात लाकडांवर झाकलाय. मास्तर तिथनं हसत्यात.

तब्येतीला जपा.

तुमची वहिनी,
बायडाबाई

ता.क. पाटी हाय तिथंच हाय. मास्तर ४००१ पर्यंत आले होते. पुढच्या दिवसासाठी ४००३ लिहून ठेवलं होतं, त्यानं भागायचं राहिलं.

आणखी एक. काल चहानंतर मीच मास्तरांच्या आकड्याला ४००३ नं भागलं. बाकी शून्य आली. पुसून परत केलं, परत शून्य. माझंच चुकतंय, मी सातवी पास बाई. तुम्ही एकदा येऊन बघाच. आणि खरंच भाग जात असंल, तर भाऊजी, मला खोटं सांगा. बाकी उरली म्हणा, मी अर्धा कप टाकते.