ठोकून सरळ केलेलं दार

पाथर्डी
१४ मार्च १९७३

चि. शरच्चंद्र यास,
इंदूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझी शाळा. पाणी टँकरचं. निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला जातात, उरलेल्यांना मी शिकवते.

आता तुझी गाडी. वर्षानुवर्षं नंबर लावून न बसता नवी गाडी मिळते आहे, तीही सवलतीत; कारण मुंबईहून आणताना ती घाटात कठड्याला घासली. डावं दार ठोकून सरळ केलंय, वर रंग दिलाय. नगरचा मेस्त्री म्हणतो, आतून ठणठणीत आहे. तुझी लीना म्हणते, पाडव्याला दारात आणायची ती अशी अपशकुनी? आणि तू, अख्ख्या कोल्हारला औषध देणारा डॉक्टर, बहिणीला विचारतोस घेऊ की नको. शेवटी बारीक अक्षरात, पूजेला ये, असंही लिहिलं आहेस. त्याचं मागाहून.

खरं सांगू, पत्र वाचल्यापासून मी त्या गाडीत बसूनच आहे. फळ्यावर गणित लिहिता लिहिता बाहेर ऊन तरंगायला लागतं आणि मी निघते. पुढच्या सीटवर, त्याच दाराशी, काच खाली. तू चालवतोस. राहुरी मागे पडते, हिरवागार ऊस लागतो, प्रवरा दोन्ही काठ भरून वाहते, तीही यंदाच्या दुष्काळात. आणि मागे हे शेंगा सोलत बसलेले असतात. जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टरफलं खाली टाकायची सवय गेली नाही. हटकावंसं वाटतं, पण हटकलं तर निघून जातील म्हणून मी गप्प बसते.

शाळेतल्या लंकाबाईला विचारलं. ती म्हणाली, "बाई, एकदा मार खाल्ल्याली गाडी मानूस लई जपून चालवतो. घ्या म्हनावं."

पूजेचं. तुझा दवाखाना उघडला तेव्हा ओवाळायचं ताट मीच तयार केलं होतं. आत्या म्हणाली, "इंदू, ताट लीनाकडे दे, तू जरा आत बस." आत्याचं मला काही नाही. विधवेनं पुढे येऊ नये, हे तिच्या हाडात मुरलेलं. पण तू माझ्याकडे पाहिलंस आणि चपला सारख्या करायला खाली वाकलास. तेव्हापासून मी कोल्हारला आले नाही. परीक्षा, गुडघे, एसटी, सगळी निमित्तं. मला फार वाईट वाटलं, शरद. अजून वाटतं.

तर गाडी घे. मेस्त्रीनं चांगली म्हटली म्हणजे चांगली. पण नगरहून थेट घरी नेऊ नकोस, आधी मला न्यायला ये. पूजेआधी नव्या गाडीत माझ्यासारखीला कुणी बसवत नाही, ठाऊक आहे मला. तरी बसव. मग दारात, सगळ्यांदेखत, मी ओवाळीन आणि पहिलं कुंकू लावीन. नारळ लीना वाढवू दे.

हे जमणार नसेल तरी गाडी घेच, आजाऱ्यांच्या कामी येईल. मला मात्र पूजेला बोलावू नकोस.

पाडव्याला सकाळपासून मी ओट्यावर बसेन. नाही आलास, तर उन्हं उतरल्यावर उठेन. रागावणार नाही, असं मात्र लिहवत नाही.

तुझी सख्खी बहीण,
इंदू