विजेरीने दिसलेला पडदा

चि. सौ. रीतास,

काल हिंगणघाटला प्रफुलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, चार माणसांदेखत मी म्हणालो, की सुनेने माझ्या संगणकात लिनक्स ही नवी प्रणाली घातली आणि त्यात लिहिलेला माझा ग्रंथ गेला. तू एवढेच म्हणालीस, "मामाजी, मशीन चालूच हाये, उजेड गेला फक्त." परतीच्या वाटेवर तू उजेड वाढवायच्या कळा सांगितल्यास, तरी मी मध्ये मध्ये बोलतच राहिलो.

आज पहाटे काळ्या पडद्यावर विजेरी तिरपी धरली. माझ्या प्रकरणांची नावे पुसट, पण सगळी दिसली. तू सांगितलेल्या कळा दाबताच पडदा उजळला.

दोष जिथे दिला तिथेच तो मागे घ्यावा, म्हणून पहिल्या एसटीने प्रफुलकडे निघालो आहे. संगणक चालूच ठेवला आहे. पुन्हा सुरू केल्यास पडदा काळवंडतो. कायमचा उपाय मला संध्याकाळी शिकव. मी मध्ये बोललो, तर खुशाल गप्प कर.

अण्णाजी