दुर्बिणीतली वाकडी रेघ

अण्णा, परवा लेकीबरोबर बंदुकीची दुर्बीण घ्यायला गेलो होतो. बंदूक म्हटल्यावर तुम्ही काय बोलला असतात ते धरूनच चालतो. डोंगरात वागवायला सोपी म्हणून तिने हलकी रायफल घेतली आहे, आणि दक्षिणेकडच्या बर्फाळ कड्यांवर थारच्या शिकारीला ती मला नेणार आहे. थार म्हणजे आपल्याच हिमालयातला रानबोकड. कुणीतरी तिकडून या देशात आणून सोडला आणि चांगलाच फोफावला. "तुमच्यासारखाच," असं ती म्हणते.

आमच्या टौरंगा शहरातल्या दुकानात मी सवयीने सगळ्यात मोठी दुर्बीण उचलली. पंचवीस पट मोठं दिसतं म्हटल्यावर आपला हात तिकडेच जातो. "बाबा, नो! एवढं वजन वर चढवायचं तर हलकी रायफल घेतलीच कशाला?" दुकानदारानेही तिचीच बाजू घेतली. डोंगरात नऊ पट हीप्स, म्हणजे भरपूर झालं, त्याहून मोठं करून बघाल तर नुसता कडा दिसेल, जनावर सापडायचं नाही. आणि हलकी रायफल लाथ जोरात मारते, म्हणून डोळा आणि काच यांत चार बोटं अंतर ठेवता येईल अशीच घ्या, नाहीतर भुवई फुटेल. काच डोळ्यापासून किती लांब हवी, हे तो मला, तुमच्यासारख्या चष्मेवाल्याच्या मुलाला, शिकवत होता. मला मनातून हसू येत होतं.

त्याने दिलेली छोटी दुर्बीण मी आधी कानाशी धरून तिच्यावरची चकती फिरवली. फळं खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाऊसमधली मशिनं दुरुस्त करत मी इथे उभा राहिलो, त्यामुळे पहिली परीक्षा कानाचीच. टकटक अगदी स्वच्छ होती. मग डोळ्याला लावली, तर आतली उभी रेघ मधोमध वाकलेली. "ही डिफेक्टिव्ह आहे," मी रुबाबात परत केली. दुसरीतही रेघ वाकडीच. तिसऱ्या खेपेला तो "ऑल गुड, मेट" म्हणत नवं खोकं फोडायला लागला, आणि त्याच्या आवाजातली कीव मला ऐकू आली.

तेव्हा तुमचं दुकान आठवलं, अण्णा. म्हातारं गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला दारात उभं करून समोरची खिडकी दाखवायचात. "एक डोळा झाका. गज सरळ दिसतात का? आता दुसऱ्याने बघा." मी डोळा बदलला. डाव्याने रेघ ओळंब्यासारखी सरळ. पुन्हा उजवा, पुन्हा वाकडी. दुर्बीण चांगलीच होती. मी ती लेकीच्या हातात दिली आणि तिच्या डोळ्याला बसते का बघ, एवढंच म्हणालो. तिला बसली. घेतली.

गाडीत बसेपर्यंत शिकार टाळायला गुडघ्याचं निमित्त जिभेवर तयार होतं. पण भरलेल्या बंदुकीमागे वाकडं बघणारा माणूस नको, एवढी अक्कल अजून शाबूत आहे. सांगून टाकलं. तिने किल्ली फिरवलीच नाही.

"कधीपासून?"

"आत्ताच कळलं."

"बाबा."

"बरं, थंडीपासून. पेपरातल्या ओळी नाचतात."

"आय न्यू इट! चहा ओतताना तुम्ही कपाची कड बोटाने धरून ठेवता." मग गाडीची काच वर करत हळूच म्हणाली, "मी विचारणार होते. तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं." तिथूनच तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि गुरुवारची वेळ घेतली. "रायफल मी चालवणार. तुम्ही नुसते चला. स्वीट ॲज? चालेल ना?"

मी मान हलवली.

मी असं विचारलं नव्हतं तुम्हाला. शाळेच्या बाई तुम्ही केलेला चष्मा परत घेऊन आल्या होत्या, डोकं दुखतं म्हणून. डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल झाली होती. सव्वीस वर्षांचा घोडा मी, बाईंच्या देखत ओरडलो, "अण्णा, तुम्हाला दिसत नाहीये, कबूल करा ना!" तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर खणात ठेवलात. "बाई, उद्या न्या," म्हणालात, आणि मला, "आवाज रस्त्यावर जातोय." त्यानंतर तुम्ही कुणाचाही चष्मा केला नाहीत. मी इकडे आल्यावर दोन महिन्यांनी दुकान बंद झालं.

सगळ्यांना मी हेच सांगत आलो, की त्या दिवशी मला धक्का बसला, म्हणून आवाज चढला. लेकीलाही परवा तेच सांगितलं. ते खरं नाही. मला आधीच्या दिवाळीत कळलं होतं. इथल्या व्हिसाचं पत्र मी तुमच्या हातात दिलं, तुम्ही त्याच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलंत आणि "छान लिहिलंय" म्हणालात. तेव्हा बोललो असतो, तर तुम्हाला डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं, मलाच दुकानात बसावं लागलं असतं, इकडे येणं राहिलं असतं. मी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवलं.